समोरच्याची बाजू

रणदिवेकाका भांडायला बसले की सुरुवात समोरच्याच्या बाजूने करत. संसारात ही सवय असली तर घर सुखी राहतं म्हणतात. पण वकिलासमोर बसलेल्या अशिलालाच ती असेल, तर वकिलाने कपाळ कुठे बडवायचं? दांडिया बाजारातल्या माझ्या ऑफिसात ते पहिल्यांदा आले तेव्हा चांगला अर्धा तास ते मकरपुऱ्याकडच्या एका व्हॉल्व्ह बनवणाऱ्या कंपनीच्या अडचणी सांगत होते. लोखंड महागलंय, गिऱ्हाईक पैसे अडवून ठेवतं, बँकेचं व्याज थांबत नाही, आणि बाप गेल्यावर सगळा कारभार पोराच्या डोक्यावर एकदम पडलाय. मी टिपून घेत होते. पान भरल्यावर मी विचारलं, कंपनीला नोटीस कोणी दिली आहे? ते म्हणाले, अजून कोणीच नाही, मलाच द्यायची आहे. मी ते पान फाडलं आणि नवीन घेतलं.

बोलताना त्यांना दोन्ही पक्ष टेबलावर मांडून लागत. चष्म्याचं घर म्हणजे कंपनी आणि चष्मा म्हणजे ते स्वतः. चष्मा काढला की त्यांना करारातलं अक्षर दिसत नसे. मग कलम वाचायची वेळ आली की ते स्वतःला टेबलावरून उचलून नाकावर ठेवत आणि समोर कंपनी एकटीच उरे. हे मी एकदा त्यांना दाखवून दिलं. ते मनापासून हसले आणि म्हणाले, "म्हणून तर तुमच्याकडे आलो ने, बेन."

मला ते शेवटपर्यंत बेनच म्हणाले. त्यांचे वडील रेल्वेत नोकरीला म्हणून बडोद्यात आले ते इथलेच झाले, आणि काकांचा जन्म इथला. घरी मराठी, रस्त्यावर गुजराती, आणि दोन्हींच्या मधे जे काही तयार होतं ते त्यांच्या तोंडात. उंच, किडकिडीत माणूस. पांढरा पूर्ण बाह्यांचा शर्ट, बाह्या कधी दुमडलेल्या नाहीत. सत्तरीला टेकले तरी छाणीच्या घरून कोयलीपर्यंत स्कूटरवर जात, कारण त्यांची गिऱ्हाइकं तिकडे. रिफायनरीची कामं घेणारे ठेकेदार, पाइपलाइनवाले, छाणीतलेच लहानमोठे कारखाने. या सगळ्यांना त्यांनी एकाच कंपनीचे व्हॉल्व्ह आयुष्यभर विकले. आधी पगारी सेल्समन म्हणून, आणि मग कमिशन एजंट म्हणून.

विकल्यावर ते गप्प बसत नसत. माल बसवायच्या दिवशी स्वतः जायचे, आणि पाइपात पाणी सोडून दाब तपासून होईपर्यंत तिथेच कुठेतरी विटांवर बसून राहायचे. ठेकेदाराची माणसं हसायची. काकांचं म्हणणं ठरलेलं होतं: "बसवला म्हणजे विकला नव्हे. पाणी धरलं की विकला." कंपनीने त्यांना हे काम सांगितलेलं नव्हतं आणि त्याचे पैसेही मिळत नसत. मी एकदा विचारलं, की हे करारात कुठे आहे? त्यांनी चष्मा पुसत सांगितलं, की करारात तर श्वास घ्यायचंही लिहिलेलं नाही.

तो करार मी अनेकदा वाचला. दोन पानं, इंग्रजीत, कुठल्याशा जुन्या वकिलाने लिहून दिलेली. सह्या झाल्यावर त्याच्याकडे दोघांपैकी कोणी ढुंकून पाहिलं नसावं. त्यात एवढंच होतं, की काकांनी आणलेलं गिऱ्हाईक जोवर माल घेत राहील तोवर, कर वगळून, बिलाच्या रकमेवर दोन टक्के. पुढे काही अडचण आली तर काय, हे लिहिलेलंच नव्हतं. त्याची सोय कंपनीच्या मालकांनी, रमणभाई शेठनी, तोंडी केली होती. सही करून झाल्यावर ते म्हणाले होते, "समजी लईशुं." आपण आपसात समजून घेऊ. आमच्या बडोद्यात या दोन शब्दांवर कारखाने उभे राहिले आहेत आणि माझ्यासारख्यांची घरं चालली आहेत.

आणि गंमत म्हणजे ते दोघं खरोखरच समजून घ्यायचे. दर वर्षी दिवाळीच्या आधी शेठच्या बंगल्यावर, हिंदोळ्यावर बसून, वर्षभराचे वाद मिटवायचे. त्याची त्यांची एक रीत होती. काकांनी शेठची बाजू मांडायची आणि शेठनी काकांची. स्वतःची बाजू स्वतः मांडायची नाही. काका म्हणायचे, अमुक गिऱ्हाइकाला तुम्ही जादा सूट दिलीत, तेव्हा माझं कमिशन कमी धरा. शेठ म्हणायचे, ती सूट मी दिली, रणदिवेने नाही, त्याचं का कापायचं? असं दोघं एकमेकांसाठी तावातावाने भांडत, आणि आतून शेठाणी ओरडत की जेवण गार होतंय. ही बैठक कोणी सुरू केली ते काकांनाही आठवत नव्हतं. पण तिच्यामुळे त्यांच्या हाडामाशात असं काही भिनलं होतं, की स्वतःची बाजू स्वतःच्या तोंडाने मांडणं म्हणजे त्यांना पंगतीत स्वतःच्या पानावर स्वतः वाढून घेण्यासारखं वाटे.

असंच एका वर्षी एक प्रकरण बैठकीत आलं. कोयलीच्या वाटेवरच्या एका ठेकेदाराला दिलेले व्हॉल्व्ह गळले. ओतकामात दोष होता. सगळा माल परत आला आणि शेठनी गिऱ्हाइकाचे पैसे परत केले. काकांना त्या मालाचं कमिशन आधीच मिळालेलं होतं. शेठ म्हणाले, दोष माझ्या भट्टीचा, रणदिवेने विकण्यात काही कसूर केली नाही, कमिशन त्याचंच. काका म्हणाले, माल परत आला म्हणजे विक्री झालीच नाही, मग कमिशन कशाचं? त्या वर्षी काकांनी शेठची बाजू इतकी जोरात मांडली की ते जिंकले. दुसऱ्या आठवड्यात त्यांनी सगळी रक्कम चेकने परत केली. ही गोष्ट त्यांनी मला पहिल्याच भेटीत सांगितली, अगदी खुशीत. मी तेव्हाच ती लाल शाईने टिपून ठेवली.

रमणभाई गेले आणि कंपनी चिरागकडे आली. चिरागला वाईट म्हणायला माझी जीभ रेटत नाही. शिकलेला, नम्र, वडीलधाऱ्यांना वाकून नमस्कार करणारा मुलगा. त्याने ऑफिसात नवीन सॉफ्टवेअर आणलं, आणि गिऱ्हाइकाकडून जेवढे पैसे खरोखर जमा होतील तेवढ्यावरच कमिशन धरायचं असं त्यात भरून टाकलं. गिऱ्हाइकाने काही कापलं, की काकांचंही आपोआप कापलं जाई. काकांनी विचारलं तर तो म्हणे, "सिस्टीम कापते, अंकल." काका मला म्हणाले, की शेठशी भांडता यायचं, शेठाणीशीही भांडता यायचं, पण हिच्याशी कसं भांडायचं, ही जेवायलाही बोलवत नाही.

तरी पहिल्या दिवाळीला ते नेहमीसारखे बैठकीला गेले. चिरागने केबिनमध्ये बसवलं, कॉफी मागवली. काकांनी रीतीप्रमाणे सुरुवात केली. तुझं बरोबर आहे, पैसे आलेच नाहीत तर तू कुठून देणार, तुझ्यावर बँकेचं ओझं आहे, नवीन मशीन घेतलंस, हे सगळं त्यांनी नीट मांडलं आणि ते थांबले. आता हा माझी बाजू मांडेल म्हणून वाट पाहत राहिले. चिरागने त्यांचा हात हातात घेतला आणि म्हणाला, "थँक्यू अंकल, तुम्ही समजून घेतलंत." आणि त्यांना लिफ्टपर्यंत सोडायला आला. हे सांगताना काका हसत होते, मीही हसले.

भानगड काय होती ते एकदा सांगायला हवं. कंपनीचा माल हल्ली वेळेवर निघत नसे. उशीर झाला की गिऱ्हाईक करारातला दंड म्हणून बिलातून रक्कम कापत असे. मग काकांचं कमिशन त्या कापलेल्या बिलावर. म्हणजे उशीर कारखान्याचा, दंड कारखान्याचा, आणि त्यातला वाटा काकांच्या ताटातून. वाहतुकीचंही तेच, जादा सुटीचंही तेच. दोन-तीन वर्षांत त्यांना मिळणारी रक्कम निम्म्याच्या खाली आली. कमिशन एजंटाला ना फंड, ना पेन्शन. उमेदीच्या काळात जोडलेली गिऱ्हाइकं पुन्हापुन्हा माल घेत राहतात आणि त्यावरचे दोन टक्के येत राहतात, तेच त्याचं म्हातारपण. काका आणि शालिनीकाकू त्याच्यावरच जगत होते. मूलबाळ नव्हतं. म्हणून ते माझ्याकडे आले होते. हौस म्हणून नाही.

मी या धंद्यात केस पांढरे केले. कमिशनचा तंटा म्हणजे वकिलीतला सगळ्यात कोरडा प्रकार. त्यात खून नाही, काडीमोड नाही, बांधावरून निघालेल्या कुऱ्हाडी नाहीत. बिलावर मोजायचं की हाती आलेल्या पैशावर, कर धरून की सोडून, सूट कोणी दिली आणि कोणाला विचारून. दोन शहाणी माणसं वर्षानुवर्षं एका वजाबाकीवर भांडतात आणि मधे मी बसते. दोघांचंही थोडं थोडं बरोबर असतं, आणि म्हणूनच ते कधी संपत नाही. सुरुवातीला मला वाटायचं की एखादं चांगलं कलम लिहिलं की माणसं भांडणार नाहीत. आता वाटतं, कलम चांगलं असलं की भांडण जरा जास्त चांगल्या भाषेत होतं, इतकंच.

नोटिशीनंतर दोन्ही पक्षांनी लवाद मान्य केला, म्हणून कोर्टाऐवजी एका निवृत्त न्यायाधीशांपुढे प्रकरण गेलं. अलकापुरीत एका इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावर भाड्याची खोली होती, तिथे तारखा पडत. कधी साहेबांची तब्येत, कधी कंपनीच्या वकिलाच्या घरचं लग्नकार्य, कधी माझं दुसरं कोर्ट. काका प्रत्येक तारखेला वेळेच्या आधी येऊन बसलेले. आणि तिथे त्यांनी मला जो त्रास दिला तो विरोधी वकिलानेही दिला नाही. समोरचा वकील एखादा मुद्दा नीट मांडू लागला की हे मान डोलवत. चांगल्या गायकाला श्रोता डोलवतो तशी. लवाद ते पाहत. मी त्यांना माझ्या मागच्या खुर्चीवर बसवायला लागले, म्हणजे साहेबांना त्यांची मान दिसणार नाही. बाहेर आल्यावर मी रागावले. ते म्हणाले, की त्याने खरंच चांगलं मांडलं. मग माझी समजूत काढायला म्हणाले, "चिरागभाईची बाजू मी मांडतो, माझी तुम्ही मांडा. बैठक तीच आहे ने, बेन."

बैठक ती नव्हती, हे मी त्यांना किती वेळा सांगितलं असेल. पलीकडे आता रमणभाई नव्हते.

शेवटी ज्याची मला भीती होती तेच झालं. कंपनीच्या वकिलाने तो जुना चेक बँकेच्या कागदांसकट पुढे केला. त्याचा मुद्दा सोपा होता. करार वजावटीबद्दल गप्प आहे, पण दोघांनाही पहिल्यापासून ठाऊक होतं की कंपनीच्या हाती जे राहील त्यावरच कमिशन. नाहीतर रणदिवेंनी त्या वेळी आपणहून पैसे परत का केले असते? या एका प्रश्नावर आमची इमारत उभी होती किंवा पडत होती. मला त्याचं उत्तर माहीत होतं, आणि ते कायद्यात बसणारं होतं. ते पैसे काकांनी देणं म्हणून नव्हे, तर मेहेरबानी म्हणून दिले. जुने संबंध, शेठबद्दल आदर. मेहेरबानीने दिलेल्या पैशांवरून कराराचा अर्थ काढता येत नाही.

उलटतपासणीच्या आदल्या संध्याकाळी मी त्यांना ऑफिसात बोलावून हे समजावलं. खोटं बोलायला मी सांगत नव्हते. करारात तसं कलम नव्हतंच, म्हणजे दिलेले पैसे कराराबाहेरचे, म्हणजे मेहेरबानीचे. त्यांनी शांतपणे ऐकलं. चष्मा काढून ठेवला, परत घातला. म्हणाले, की हा शब्द जरा मोठा नाही का? मी म्हटलं, शब्द मोठा असू दे, तुमचं म्हातारपण त्याच्यावर आहे. मग ते म्हणाले, तुम्ही म्हणाल तसं. मी त्यांच्याकडून दोनदा म्हणवून घेतलं, शाळेतल्या मुलाकडून पाढा घ्यावा तसं. दोन्ही वेळा त्यांनी बरोबर म्हटलं.

दुसऱ्या दिवशी खोलीत पंखा चालू असूनही घाम येत होता. समोरचा वकील तरुण आणि हुशार. त्याने आडून आडून यायचं सोडून दिलं, आणि गुजरातीत, अगदी गोड आवाजात विचारलं, की काका, हे पैसे तुम्ही मेहेरबानी म्हणून दिलेत, की द्यायचेच होते म्हणून? माझा शब्द त्यानेच उचलून त्यांच्या हातात दिला होता. नुसतं हो म्हणायचं होतं. काका जरा पुढे झुकले. मला वाटलं त्यांना ऐकू आलं नाही. मग ते लवादांकडे वळून म्हणाले, "महेरबानी शेनी, साहेब? वाल्व गळतो हतो."

मेहेरबानी कसली, व्हॉल्व्ह गळत होता. साहेबांनी लिहिणं थांबवून विचारलं, म्हणजे ते पैसे देणं लागत होतात? काका म्हणाले, हो, देणं लागत होतो.

मी नंतर परोपरीने सांगितलं. माल परत येणं वेगळं आणि माल उशिरा पोचणं वेगळं. परत आलेल्या मालाची विक्रीच झाली नाही, पण उशिरा पोचलेल्या मालाची झाली, गिऱ्हाईक तो वापरतंय. आणि उशीर करण्यात या माणसाचा काही हात नाही. साहेबांनी सगळं ऐकून घेतलं, वहीत काही लिहिलंही. पण बोलताना मलाच कळत होतं, की दार मी लावतेय ते वारा आत येऊन गेल्यावर.

त्या दिवशी खोलीतून बाहेर पडल्यावर काका मला सेव-उसळ खायला घेऊन गेले. मला भूक नव्हती, मला त्यांच्यावर ओरडायचं होतं, आणि मी ओरडले. म्हटलं, काका, तुम्ही स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेतलात. त्यांनी उसळीवर लिंबू पिळलं. म्हणाले, "पडला खरा. पण धोंडा आपलाच होता ने, कोणाचा उचललेला नव्हता." मी विचारलं, की आदल्या दिवशी दोनदा बरोबर म्हणालात, मग आज काय झालं? ते म्हणाले, की तुमच्या ऑफिसात तो नुसता शब्द होता. तिथे साहेबांनी विचारल्यावर डोळ्यांपुढे तो व्हॉल्व्ह आला, थेंब थेंब गळणारा, आणि ठेकेदाराच्या माणसांनी खाली ठेवलेली बादली. बादली दिसल्यावर तोंडातून मेहेरबानी कशी निघेल? मी माझी उसळ पुढे ओढली.

निवाडा काही महिन्यांनी आला. कंपनीची मोजण्याची पद्धत बरोबर ठरली, कारण अर्जदाराच्या स्वतःच्या वागण्यातून तीच समजूत दिसते. दोन-चार ठिकाणी, जिथे कंपनीने सूट काकांना न विचारता दिली होती, तिथलं थोडं परत मिळालं. तेवढ्यात माझी फी आणि लवादाच्या खर्चातला त्यांचा वाटा भागला असेल, फार तर. निवाड्याला कोर्टात आव्हान देता येतं. मी तसं सांगितलं. त्यांनी निवाडा घेऊन चष्म्याजवळ धरून सबंध वाचला, आणि म्हणाले की साहेबांनी मेहनत घेतली आहे. मग मी आव्हानाचा विषय परत काढला नाही. खरं सांगायचं तर माझ्यातही बळ उरलं नव्हतं. माणूस हरला की त्याचा वकील आधी थकतो, असं माझं निरीक्षण आहे.

त्यानंतरही ते येत राहिले. कामासाठी नाही, वाटेत ऑफिस पडतं म्हणून. मिळणारं कमिशन अजून खाली आलं होतं, तरी कोयलीला एखादा व्हॉल्व्ह बसायचा असला की हे विटांवर बसायला जात. मला राग यायचा. मी म्हणायचे, आता कशाला जाता? ते म्हणायचे, की गिऱ्हाइकाचा आणि सिस्टीमचा काय संबंध. काकूंनी दुपारी शेजारच्या मुलांच्या शिकवण्या सुरू केल्या, आणि ते स्कूटर विकून बसने यायला लागले. हे त्यांनी मला सांगितलं नाही. पायऱ्या चढताना त्यांच्या हातात हेल्मेट दिसेना, तेव्हा कळलं.

एकदा ते बसलेले असताना मी त्यांच्याशी एका दुसऱ्या प्रकरणाबद्दल बोलले. नाव न सांगता. अकोट्यातला एक तरुण, दवाखान्यांची यंत्रं विकणारा, तशीच भानगड, त्यानेही कधीतरी काही रक्कम कंपनीला परत केली होती. त्याला मी तेच शिकवलं. त्याने एका वेळेत पाठ केलं, साहेबांपुढे न अडखळता म्हटलं, आणि जिंकला. पेढे घेऊन आला होता. हे मी का सांगितलं कोण जाणे. त्यांना टोचायचं असेल, किंवा स्वतःला. काकांनी एक पेढा उचलला, त्या मुलाचं कौतुक केलं, आणि अगदी सरळ म्हणाले, "त्याची असेल मेहेरबानी. प्रत्येकाचं वेगळं असतं ने."

गेल्या हिवाळ्यात ते गेले. दोन दिवस ताप, आणि तिसऱ्या दिवशी सकाळी उठलेच नाहीत. मला उशिरा कळलं. मी छाणीला गेले तेव्हा दिवस होऊन गेले होते, घरात फक्त काकू होत्या. मला पाहून रडल्या, मीही रडले. मग त्या चहा करायला उठल्या आणि मी त्यांच्या मागे स्वयंपाकघरात गेले. करार काकांच्या नावाचा होता, त्यांच्याबरोबर संपला. आता दोन टक्केही नाहीत आणि त्यातली कापणीही नाही. हे काकूंना कंपनीकडून आलेल्या पत्राने कळलं होतं. सोबत चिरागने स्वतःच्या हाताने दोन ओळी लिहिल्या होत्या, की अंकल मला वडिलांसारखे होते. तो खोटं लिहीत नसावा.

मला राहवलं नाही. मी म्हटलं, काकू, त्या दिवशी ते नुसते हो म्हणाले असते, मेहेरबानी म्हणून दिले म्हणाले असते, तर हातात बरंच काही आलं असतं. तुम्हाला शिकवण्या घ्याव्या लागल्या नसत्या. काकूंनी गॅस बारीक केला. पुढचा ओटा दाखवला. काळ्या दगडाचा, बुटका, कडेने खपली निघालेला, काकूंसारख्या उंच बाईला वाकूनच उभं राहावं लागेल असा. म्हणाल्या, त्या चेकच्या पैशांत हा ओटा नवीन व्हायचा होता. कारागीर मापं घेऊन गेला होता. काकांनी बैठकीहून येऊन सांगितलं की पैसे परत करायचेत, तेव्हा त्या चार दिवस त्यांच्याशी बोलल्या नव्हत्या.

"मेहेरबानी असती तर मी करू दिली असती का, बेन? आमच्याकडे होतं काय मेहेरबानी करायला? पाचव्या दिवशी मीच म्हटलं, जा, देऊन या. लोकांच्या पैशांच्या ओट्यावर मला पोळ्या लाटायच्या नाहीत."

एवढं बोलून त्यांनी चहा गाळला. मी हे लवादांपुढे कोणाकडून वदवून घेऊ शकले असते का, असा माझ्या डोक्यात आधी विचार आला. वकिलाच्या डोक्याला दुसरं काही येत नाही. मग मला फार वाईट वाटलं, आणि ते कशाचं ते नीट सांगता येणार नाही. दोन माणसं इतकी वर्षं त्या ओट्यापाशी वाकून उभी राहिली होती, आणि मी त्यांना एक शब्द पाठ करायला सांगितला होता.

निघताना काकूंनी दारात थांबवलं. म्हणाल्या, तुमचं आमच्याकडून काही येणं राहिलंय का? मी म्हटलं, काही नाही, काका प्रत्येक तारखेला फी देऊनच जायचे. ते खरं होतं. पण निवाड्यानंतरची कागदपत्रं, काही प्रती, दोन-तीन पत्रं, याचे पैसे मी लावले नव्हते. लावायचेही नव्हते. काकूंनी माझ्याकडे पाहिलं.

"मेहेरबानी म्हणून तर नाही म्हणत ने?"

मला आकडा सांगावा लागला.